एकशेसाठ एकरांचा चौकोन

डेन्व्हरहून विचिटाला जाणाऱ्या विमानात खिडकीची जागा मिळाली तर डुलकी काढू नये. कोलोरॅडो संपून कॅन्सस राज्य सुरू झालं की खालची जमीन गणिताच्या वहीसारखी दिसू लागते. अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद असे चौकोन, होकायंत्र लावून आखल्यासारखे, नजर पोचेल तिथवर. आणि कितीतरी चौकोनांत एकेक हिरवा गोल, पाटावर भाकरी थापावी तसा. गोल चारही बाजूंना टेकतो, कोपरे तेवढे करडे राहतात.

गोल पाण्याचा आहे. मधोमध बोअर, बोअरला जोडलेली पाव मैल लांबीची चाकांवरची नळी, आणि ती नळी घड्याळाच्या काट्यासारखी फिरत मक्यावर पाणी शिंपडते. चौकोन १६० एकरांचा, त्यातले सव्वाशेच्या आसपास एकर भिजतात. चौकोन मात्र कायद्याचा आहे. तो आखला तेव्हा आखणाऱ्यांनी इथला पाऊस मोजला नव्हता.

या गोलांखालचं पाणी आटत चाललं आहे. ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आठ राज्यांखाली पसरला आहे आणि पश्चिम कॅन्ससची सगळी बागायती त्याच्या जिवावर चालते. २०१३ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला: राज्यातल्या या साठ्यातलं ३० टक्के पाणी तोवर उपसून झालं होतं, आणि उपसा असाच राहिला तर पुढच्या पन्नास वर्षांत आणखी ३९ टक्के जाईल. उपशाच्या मानानं जमिनीत मुरणारं पाणी १५ टक्के. रिकामा झालेला साठा पुन्हा भरायला पाचशे ते तेराशे वर्षं. नैऋत्य भागात काही ठिकाणी पातळी शंभर फुटांहून जास्त खाली गेली आहे. उपशाला सक्तीनं कात्री लावायची का, यावर तिथल्या विधानसभेत, बँकांत, चर्चच्या तळघरातल्या कॉफीच्या टेबलांवर वाद चालू आहे. विरोध करणाऱ्यांचा हुकमी मुद्दा एकच: ही जमीन आमच्या पूर्वजांनी स्वतःच्या कष्टानं उभी केली, सरकारनं काही दिलं नव्हतं, आता मधे पडण्याचा त्याला हक्क काय?

माझं म्हणणं असं, की हा मुद्दा त्यांच्याच इतिहासात टिकत नाही. सरकारनं कात्री लावावी, आणि लवकर लावावी.

मध्य कॅन्ससमध्ये एका वयस्कर शेतकऱ्याच्या घरी जाण्याचा योग आला होता. माझ्या भाच्याच्या ओळखीचे. माणूस अतिशय अगत्याचा. जेवणं झाल्यावर पणजोबांची गोष्ट निघाली. जर्मनीतून आले, खिशात दमडी नव्हती, झाड नव्हतं म्हणून माळावरच्या गवताच्या मुळांनी गच्च धरलेल्या मातीचे तुकडे नांगरानं कापून, ते विटांसारखे रचून घर बांधलं. छतातून साप पडायचे म्हणून पणजीनं वरून कापड ताणून बांधलं होतं. ‘कुणी काही दिलं नाही आम्हाला,’ म्हातारबुवा म्हणाले. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुना कागद टांगलेला होता. जमिनीचा मूळ दाखला. वर ठळक अक्षरांत ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’, खाली राष्ट्राध्यक्षांच्या नावानं सही. मी काही बोललो नाही; पाहुणा होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपण दाखवलं. त्या भागात लाकूड नाही, म्हणून कुंपणाचे खांबही दगडाचे. जमिनीखाली थोड्याच खोलीवर चुनखडीचा एक थर आहे, वीतभर जाडीचा, वर-खाली सपाट. माती बाजूला सारायची, थरात ओळीनं भोकं पाडायची, भोकांत पाचरी बसवून एकामागून एक हलके ठोके द्यायचे. दगड सरळ रेषेत चिरतो. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. एकेक खांब दीडशे किलोच्या घरात. मैलच्या मैल असे पिवळसर खांब उभे आहेत, तारा गंजून बदलल्या तरी. हे कष्ट खरे आहेत, आणि ते नाकारणाऱ्या शहरी शहाण्यांशी माझं जमत नाही. प्रश्न फक्त एवढाच आहे की कष्ट करायला जी जमीन मिळाली ती कुठून आली, आणि तिचं माप कुणी ठरवलं.

जमीन रिकामी नव्हती, इथपासून सुरुवात करू. १५४१ मध्ये सोन्याच्या शोधात आलेला स्पॅनिश सरदार कोरोनाडो इथवर पोचला. सोनं मिळालं नाही. पण राजाला पाठवलेल्या पत्रात त्यानं इथल्या काळ्या, कसदार जमिनीचं आणि झऱ्या-ओढ्यांचं कौतुक केलं. साठ वर्षांनी, १६०१ मध्ये, ओन्याते आला, तेव्हा आजच्या आर्कान्सस सिटीजवळ नदीकाठी विचिटा लोकांची गवती घरांची मोठी वस्ती त्याच्या माणसांनी पाहिली. घरांभोवती मका, घेवडा, भोपळा. एत्झानोआ असं त्या गावाचं नाव नोंदलं गेलं, आणि तिथं वीस हजारांच्या आसपास माणसं राहत असावीत असा अलीकडच्या उत्खननावरून काही पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. (जाता जाता: या शहराच्या नावातली नदी बाकीच्या अमेरिकेत ‘आर्कन्सॉ’ असते, कॅन्ससमध्ये शिरली की ‘आर-कॅन्सस’ होते, आणि तुम्ही चुकलात तर तिथले लोक लगेच दुरुस्त करतात.)

या लोकांची शेती कुठं होती ते पाहण्यासारखं आहे. विचिटा, पॉनी, ओसेज, कॉ, सगळ्यांची शेतं नदीच्या मळईत. शेती बहुतेक बायकांच्या हातात. वरचा माळ त्यांनी नांगरला नाही; तिथं गव्यांची शिकार. बागायती काठाला, माळ जनावरांना, अशी ही विभागणी पाण्याच्या हिशेबानं झालेली होती, आणि शेकडो वर्षं ती चालली.

ज्या कॉ लोकांच्या नावावरून राज्याचं नाव पडलं, त्यांचं काय झालं? १८२५च्या तहात त्यांच्याकडून मिसुरी आणि कॅन्ससमधला अफाट मुलूख लिहून घेतला आणि तीस मैल रुंदीचा पट्टा ठेवला. १८४६ मध्ये त्यातलाही मोठा भाग घेतला आणि कौन्सिल ग्रोव्हभोवती वीस मैल बाय वीस मैलांचा तुकडा दिला. १८५९ मध्ये तो कापून नऊ बाय चौदा मैल केला. १८७३ मध्ये उरलेल्या पाच-सहाशे माणसांना दक्षिणेकडं, आजच्या ओक्लाहोमात, हलवलं. दरम्यान १८३०नंतर पूर्वेकडच्या शॉनी, डेलावेअर, पोटावाटोमी अशा जमातींना घरादारातून उठवून याच मुलखात आणलं होतं, आणि ही जमीन आता कायमची तुमची, असं सांगितलं होतं. हे ‘कायम’ जेमतेम पाव शतक टिकलं. १८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं मुलूख गोऱ्या वसाहतीला खुला झाला. गुलामगिरी हवी की नको यावरून पुढं तिथं रक्तपात झाला, १८६१ मध्ये गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून कॅन्सस संघराज्यात आलं. त्या भागावर ढिगानं लिहिलं गेलं आहे, मी तिथं थांबत नाही.

आता माप. १७८५ मध्ये, म्हणजे या मुलखावर अमेरिकेचा दावासुद्धा नव्हता तेव्हा, तिथल्या काँग्रेसनं सरकारी जमीन मोजण्याची पद्धत ठरवली: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्याचा चतकोर म्हणजे १६० एकर. डोंगर असो, ओढा असो, साखळी सरळ पुढं न्यायची. २० मे १८६२ला लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली आणि हा चतकोर माणशी ठरला. कुटुंबप्रमुख किंवा एकवीस वर्षांचा कुणीही नागरिक, किंवा नागरिक होण्याची इच्छा जाहीर केलेला परदेशी, थोडी फी भरून १६० एकरांवर हक्क सांगू शकत होता. बायकांनाही हा हक्क होता, हे त्या काळाच्या मानानं मोठंच. पाच वर्षं राहून कसली की जमीन नावावर.

ओहायो-इलिनॉयच्या पावसात १६० एकरांवर एक कुटुंब सुखानं जगत होतं. कॅन्ससच्या पूर्वेलाही जगलं असतं. आग्नेय कोपऱ्यात अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण पश्चिम सीमेकडं जाता जाता तो साडेचारशेच्या आतबाहेर येतो. आमच्या माणदेशात पडतो साधारण तेवढा. एकाच राज्याच्या दोन टोकांना ही तफावत, आणि माप दोन्हीकडं तेच. आपल्याकडच्या कमाल जमीनधारणा कायद्यात पळवाटा हजार असतील, पण बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४, एवढा भेद तरी त्यात आहे. होमस्टेड कायद्याला जिरायत आणि बागायत हे शब्दच ठाऊक नव्हते.

आणि ‘फुकट जमीन’ ही कथा कॅन्ससच्या जेमतेम पाव क्षेत्राची. बाकीची विकली गेली, सट्टेबाजांनी उचलली, जमातींकडून काढून लिलावात गेली किंवा रेल्वेला दिली गेली. एकट्या सांता फे रेल्वेला सुमारे ३० लाख एकर मिळाले, तेही एक चौकोन रेल्वेचा, एक सरकारचा, असे बुद्धिबळाच्या पटासारखे. रूळ टाकायचे पैसे ही जमीन विकून उभे करायचे, म्हणून रेल्वेला गिऱ्हाईक हवं होतं, आणि गिऱ्हाइकाला सांगायला गोष्ट हवी होती. ती नेब्रास्कातून आली: पाऊस नांगरामागून येतो. माळ नांगरला की माती ओल धरते, ओल हवेत जाते, पाऊस वाढतो. नेब्रास्का विद्यापीठातला सॅम्युएल ऑही नावाचा प्राध्यापकच हे सांगत होता, म्हटल्यावर जाहिरातवाल्यांना काय हवं? काँग्रेसही मागं राहिली नाही. १८७३ मध्ये तिनं कायदा केला की चाळीस एकरांवर झाडं लावा आणि आणखी १६० एकर घ्या. जिथं कुंपणाच्या खांबाला लाकूड मिळत नव्हतं, तिथं चाळीस एकर जंगल! अठरा वर्षांनी हा कायदा गुपचूप रद्द झाला.

खरं सांगणारा माणूस नव्हता असं नाही. जॉन वेस्ली पॉवेल, यादवी युद्धात उजवा हात गमावलेला भूशास्त्रज्ञ, कोलोरॅडो नदीच्या घळीतून नाव घेऊन गेलेला. १८७८ मध्ये त्यानं काँग्रेसला अहवाल दिला. शंभराव्या रेखावृत्ताच्या सुमाराला, म्हणजे कॅन्ससमध्ये डॉज सिटीच्या आसपास, वीस इंची पावसाची हद्द संपते. तिच्या पलीकडं एकशेसाठ एकरांचा चौकोन चालणार नाही. ओलिताला ऐंशी एकर पुरेत. चराईला दोन हजार पाचशेसाठ लागतील. आणि हद्दी सरळ रेषांनी न आखता पाण्याच्या सोयीनं आखा, पाणी शेजाऱ्यांनी मिळून सांभाळा. काँग्रेसनं अहवाल छापला आणि बाजूला ठेवला. रेल्वे, जमिनीचे दलाल, नव्या गावांची वर्तमानपत्रं, कुणालाच तो परवडणारा नव्हता. पुढं १९०९ मध्ये कोरडवाहूसाठी ३२० एकरांचा कायदा झाला, १९१६ मध्ये चराईसाठी ६४० एकरांचा. तोवर चांगली जमीन वाटून झाली होती.

पहिला हिशेब पटकन चुकता झाला. १८७४च्या उन्हाळ्यात टोळ आले. आकाश काळं झालं, मका संपला, मग झाडांची साल, मग अवजारांचे घामट दांडे. कांदे तर जमिनीतून पोखरून नेले. टोळांची ही जात पुढं तीस वर्षांत नामशेष झाली, १९०२नंतर कुणाला जिवंत दिसली नाही. पण त्या वर्षी आमचं आम्ही बघू म्हणणारे हजारो शेतकरी लष्कराच्या कोठारातले कोट आणि बूट घालून हिवाळा काढत होते. मी टोमणा मारत नाही. संकटात सरकारनं मदत करावीच. फक्त ती घरगुती गोष्टींतून गळून जाते, एवढंच.

गळण्याचा आणखी एक नमुना. त्याच वर्षी दक्षिण रशियातून, आजच्या युक्रेनमधल्या मोलोच्ना नदीच्या काठावरून, जर्मन बोलणारे मेनोनाइट आले. युद्धात भाग न घेणारा हा पंथ. झारनं लष्करी सेवेची सूट काढून घ्यायचं ठरवलं म्हणून निघाले. सांता फे रेल्वेच्या जमीनविक्रीवाल्यांनी त्यांना हेरून आणलं. त्यांच्याबरोबर टर्की रेड नावाचा लाल, कडक दाण्याचा हिवाळी गहू आला. शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली झोपू द्यायचा, उन्हाचा तडाखा सुरू व्हायच्या आत काढायचा. माळाला हाच गहू हवा होता. कॅन्ससच्या शाळांत सांगतात की आठ वर्षांच्या एका मुलीनं एकेक दाणा निवडून पेटी भरली. गोष्ट गोड आहे. पण पेटीभर दाण्यांनी राज्य पिकत नाही. कडक दाणा जुन्या दगडी जात्यांना दाद देईना, गिरणीवाले घेईनात. मग पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, बर्नहार्ड वार्केंटीन या मेनोनाइट गिरणीवाल्यानं १८८०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर बियाणं मागवलं, आणि पुढं मार्क कार्लटन या केंद्रीय कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञानं कडक गव्हांचा प्रचार केला. शेतकरी, भांडवल आणि सरकारी खातं, तिघांनी मिळून तो गहू रुजवला. मेनोनाइटांचा खाचा पाडलेला दगडी रूळ, घोड्यामागं बांधून खळ्यावर फिरवायचा, आजही नॉर्थ न्यूटनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडं मळणीला बैल फिरवलेल्या कुणालाही तो दगड परका वाटणार नाही.

सगळ्यांना हा चौकोन सारखाच मिळाला असंही नाही. १८७७ मध्ये केंटकीतून आलेल्या, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी ग्रॅहम काउंटीत निकोडेमस वसवलं. जाहिरातीत गाव होतं, प्रत्यक्षात उघडा माळ. जमिनीत खड्डे करून त्यांनी पहिला हिवाळा काढला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी अन्न दिलं म्हणून तगले, असं तिथं अजून सांगतात. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्यांना कधी मिळालीच नव्हती त्यांना जगवलं. १८८८ मध्ये रेल्वे गावाला वळसा घालून गेली आणि गाव आटलं. उलट त्याच सुमाराला, १८८७च्या डॉझ कायद्यानं, जमातींच्या सामाईक जमिनी मोडून कुटुंबप्रमुखाला एकेक तुकडा देण्याचं ठरलं. किती एकरांचा? एकशेसाठ.

१८८०च्या दशकाच्या मध्याला काही वर्षं पाऊस बरा झाला, पश्चिम कॅन्ससमध्ये माणसांची रीघ लागली, कर्जं झाली, प्रत्येक तिसऱ्या गावाला आपण शिकागो होणार असं वाटू लागलं. १८८७पासून पाऊस गेला. गाड्या पूर्वेकडं परतू लागल्या. देवावर विश्वास ठेवला, कॅन्ससमध्ये बुडालो, अशा अर्थाच्या ओळी गाडीच्या कापडावर लिहून. मागं राहिलेल्यांच्या संतापातून शेतकऱ्यांचा पॉप्युलिस्ट पक्ष उभा राहिला. बँका, रेल्वे, सावकार यांच्यावर त्यांनी जे कोरडे ओढले ते अगदी रास्त होते. पण मापाबद्दल तेही बोलले नाहीत. बोलणार कसे, तेच माप त्यांच्या मालकीचा पुरावा होतं.

मग पहिलं महायुद्ध आलं, सरकारनं गव्हाला दोन डॉलरच्या वर भाव बांधून दिला आणि उरलासुरला माळही नांगराखाली गेला. कॅन्ससमधल्याच प्लेन्स गावच्या चार्ली एंजेलनं तव्यांचा एक नवा नांगर काढला. ट्रॅक्टरमागं तो लावला की दिवसात पूर्वीच्या कितीतरी पट जमीन उलटायची, वरची माती मात्र पिठासारखी व्हायची. १९३१ला विक्रमी गहू झाला आणि भाव बुशेलला तीस-पस्तीस सेंटवर आला. बुशेल म्हणजे सत्तावीस किलो. भाव पडला म्हणून आणखी नांगरलं. पुढच्या वर्षापासून अवर्षण, वारा, आणि १४ एप्रिल १९३५चा तो काळा रविवार. भर दुपारी हाताला हात दिसेना. कॅन्ससच्या नैऋत्य टोकाची मॉर्टन काउंटी सर्वांत जास्त उघडी पडली.

त्या काउंटीतली गोष्ट कॅन्ससच्या प्रत्येक शाळेत टोळांच्या आणि गव्हाच्या पेटीच्या गोष्टीइतकीच सांगायला हवी. १९३०च्या दशकात केंद्र सरकारनं तिथली उद्ध्वस्त शेतं शेतकऱ्यांकडून पैसे देऊन परत विकत घेतली. आधी दिलेली, पन्नास वर्षं कसलेली, उडून गेलेली जमीन. त्यावर पुन्हा गवत पेरलं. आज तिथं सिमरॉन राष्ट्रीय गवताळ प्रदेश आहे, १ लाख ८ हजार एकरांचा. पॉवेलनं जे साठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेच करायला सरकारला जनतेचे पैसे मोजावे लागले, आणि मधल्या पिढ्यांची फुफ्फुसं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र असं वाटलं, की पॉवेल खोटा ठरला. खोल बोअरवरचे पंप आले, ह्युगोटनच्या वायुक्षेत्रातला स्वस्त गॅस त्यांना मिळाला, १९५२ मध्ये फ्रँक झायबाखनं फिरत्या नळीचं पेटंट घेतलं. पाऊस नांगरामागून आला नाही, पण पाणी जमिनीखालून आलं. ओसाड चौकोनांत हिरवे गोल उमटले. गव्हाच्या जागी मका, मक्यावर गुरांचे गोठे, गोठ्यांशेजारी मांसाचे कारखाने. आज राज्यात माणसं २९ लाख, गुरं साठ लाखांच्या आसपास. गार्डन सिटीजवळ नदीचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं वाळूचं असतं. मुलं त्यात गाड्या उडवतात.

आता हक्काचं बोलू. १९४५च्या कॅन्ससच्या जलकायद्यात पहिल्यापासून लिहिलं आहे की राज्यातलं सगळं पाणी राज्यातल्या जनतेच्या उपयोगासाठी आहे आणि त्यावर राज्याचं नियंत्रण आहे. शेतकऱ्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना, जो आधी आला त्याचा आधी, या क्रमानं. म्हणजे १८६२ची जमीन जशी सरकारी कागदावर आली तसंच पाणीही. फरक एवढा, की या वेळी मालकी हातची सोडली नव्हती. सोडला तो विवेक. जमिनीत जेवढं मुरतं त्याच्या कितीतरी पट परवाने वाटले गेले. पुन्हा तीच चूक: माप आधी, पाणी मागून. साठा ठरवून, हळूहळू संपवायचा, याला तिथं धोरण म्हणत. ते धोरण मोडावं, अशी शिफारस करायला राज्याच्या जलमंडळाला २०२२चा डिसेंबर उजाडला.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. परवान्याच्या जोरावर ज्याला बँकेनं कर्ज दिलं, ज्यानं महागडी नळी घेतली, त्याला उद्या अर्धंच पाणी म्हणणं सोपं नाही. मका कमी झाला की गोठे हलतील, गोठ्यांमागं कारखाने, कारखान्यांमागं शाळा. राजधानी टोपीकात बसलेल्या आमदारानं किंवा माझ्यासारख्या विमानातून बघणाऱ्यानं हे विसरू नये. पण यातला प्रत्येक मुद्दा पाणी संपल्यावरही तसाच लागू पडतो, नुकसानभरपाई द्यायला तेव्हा कुणी नसतो इतकंच. आणि ज्याला त्याला समजेल, स्वतःहून कमी करतील, हे तर मला अजिबात पटत नाही. शेजारी उपसत असताना मी थांबलो तर माझं पाणी त्याच्या बोअरला जातं. जमिनीखाली चौकोन नाहीत.

सक्ती म्हणजे वरून फर्मान असंही नाही. २०१२ मध्ये राज्यानं एक कायदा केला: एखाद्या टापूतल्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवलेली उपशाची मर्यादा तिथल्या भूजल जिल्ह्यानं, म्हणजे भूजलाचा कारभार बघणाऱ्या स्थानिक संस्थेनं, सुचवली तर राज्याचा मुख्य अभियंता ती सगळ्यांवर बंधनकारक करू शकतो. वायव्य कॅन्ससमधल्या शेरिडन काउंटीच्या आसपासच्या ९९ चौरस मैलांतल्या शेतकऱ्यांनी तो लगेच वापरला. २०१३पासून पाच वर्षांत मिळून एकरी ५५ इंच पाणी, कोरड्या वर्षी जास्त वापरा, ओल्या वर्षी कमी. उपसा २० टक्क्यांनी घटवायचा होता, त्याहून जास्त घटला. कुणी देशोधडीला लागलं नाही. मुदत संपल्यावर त्यांनी ती पुन्हा वाढवून घेतली. पॉवेलच्या अहवालात शेजाऱ्यांनी मिळून पाणी सांभाळण्याचं जे कलम होतं ते जवळजवळ हेच.

पण दहा वर्षांत हे किती टापूंनी उचललं? मोजक्या. नैऋत्येत, जिथं उपसा सर्वांत जास्त, तिथं सर्वांत कमी हालचाल. भूजल जिल्ह्यांची मंडळं ज्यांच्या मतांवर निवडून येतात ते मुख्यतः जमीनमालक आणि पाणी उपसणारेच. २०२३च्या कायद्यानं या मंडळांना २०२६पर्यंत कृती आराखडे द्यायला सांगितलं आहे. माझ्या मते त्यात एक वाक्य हवं: जो टापू स्वतःची मर्यादा ठरवणार नाही, त्याची मुख्य अभियंता ठरवेल, आणि ती मुरणाऱ्या पाण्याच्या हिशेबानं असेल. त्यासोबत कर्ज फेडायला राज्यानं पैसा द्यावा. मॉर्टन काउंटीत दिलाच होता, उशिरा आणि नाइलाजानं.

शेरिडनमधल्या काही शेतकऱ्यांनी मक्याचं क्षेत्र थोडं कमी करून गहू आणि ज्वारी वाढवली. ज्वारी, आफ्रिकेतून आलेली, कमी पाण्यात तग धरणारी. कॅन्सस आज तिच्यात अमेरिकेत सर्वांत पुढं आहे. तिथं तिला मिलो म्हणतात. १९७२च्या दुष्काळात आमच्याकडं रेशनवर जी लाल ज्वारी अमेरिकेतून आली, तिलाही आम्ही मिलोच म्हणायचो. आई तिच्या भाकरी थापायची आणि थापता थापता नावं ठेवायची, की ही धड वळत नाही, चव नाही, गुरांचं खाणं. गुरांचंच होतं ते. त्या म्हातारबुवांच्या टेबलावर बसून मी हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले, आणि म्हणाले, या वर्षी आपणही ऐंशी एकर मिलोच पेरला आहे, पण त्यांच्या बायकोला अजून पटलेलं नाही.